पिल्लापुरती जागा

माणूस जे सांगतो ते त्याला दिसलेलं असतंच असं नाही, हे ऋजुता निकमला धंद्यानं शिकवलं होतं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ तिचं डोळे तपासायचं आणि चष्म्यांचं दुकान. शाळेतली पोरं तक्ता पाठ करून यायची आणि खालची ओळ धडाधड म्हणून दाखवायची, कारण चष्मा लागला की वर्गात चिडवतात. म्हणून ऋजुता तक्ता म्हणायला लावायचीच नाही. पोराच्या हातात छडी द्यायची आणि म्हणायची, "यातला कुठला मासा उलटा पोहतोय, तेवढा दाखव." मग भलेभले सापडायचे.

अशी ही चतुर बाई. पण तिच्या स्वतःच्या घरात सात महिने काय चाललं होतं, ते कळायला तिला अरबी समुद्रात जावं लागलं.

'नीलाक्षी' हे प्रवासी जहाज मुंबईहून निघून लक्षद्वीपला जायचं आणि पाच दिवसांनी परत यायचं. तिकिटं तिच्या नवऱ्यानं, निषादनं काढली होती. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. बोलायचा बेतानंच, पण घरातली हवा बदलायला हवी हे त्याला कळत होतं, आणि हवा बदलायची तर चांगली समुद्रावरचीच घेऊ, असा त्याचा सरळ विचार. बरोबर सहा वर्षांची शाल्मली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि काखेत प्राण्यांच्या माहितीचं एक जाडजूड पुस्तक.

जहाजावर चढल्या चढल्या, खोलीची किल्ली हातात पडायच्या आधी, फॉर्म आला. लहान मुलांच्या पडद्यावरच्या खेळांची निवड बघणाऱ्या लीना पेडणेकर तो भरून घेत होत्या. बाई वेंगुर्ल्याच्या, पन्नाशीच्या, गळ्यात जहाजाचं ओळखपत्र आणि अंबाड्यात अबोलीचा गजरा.

"काय गो बाय, दात खंय गेलो तुझो?" त्यांनी शाल्मलीला विचारलं, आणि तिला समोरच्या काचेच्या टाकीतले मासे बघायला पिटाळलं. मग आई-बापांकडे वळून म्हणाल्या, "नव्वद प्रश्न आहेत, ताई. पण घाबरू नका. साप चालतो का, भूत चालतं का, राक्षस मेलेला चालतो का, असलंच सगळं. तुमच्या घरी जे चालत नाही, ते तुमच्या मुलीला दिसणार नाही."

ऋजुताच्या लहानपणी पडदा सगळ्यांना मिळून एकच असायचा. भुतावर एक पोर खिदळायचं, दुसरं किंचाळून आईच्या कुशीत शिरायचं, आणि तिसऱ्याची आई उठून व्यवस्थापकाशी भांडायला जायची. या जहाजावर ती कटकटच ठेवली नव्हती. इथल्या पडद्याचा प्रत्येक ठिपका म्हणजे मोहरीएवढं भिंग होतं आणि त्याच्या पाठीमागे शेकडो बारीक दिवे. एका दिव्याचा उजेड त्या भिंगातून एकाच दिशेला जायचा, शेजारच्या दिव्याचा जरा बाजूला. त्यामुळे तोच ठिपका एका खुर्चीवरून लाल दिसायचा आणि पलीकडच्या खुर्चीवरून निळा. छतातले कॅमेरे प्रत्येकाचे डोळे कुठे आहेत ते हेरायचे, मनगटावरचा पट्टा तिथं कोण बसलंय ते सांगायचा, आणि ज्याचं चित्र त्याच्याच डोळ्यांपर्यंत पोचायचं.

आवाजाचंही तसंच. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींचा एक निमुळता झोत वरून डोक्यावर सोडायचा. हवेतून येता येता त्यातूनच ऐकू येणारा आवाज तयार व्हायचा, पण तो त्या झोतात बसलेल्यापुरता. चष्मा नको, कानात काही अडकवायला नको. सत्तर मुलं एका दालनात मांडीला मांडी लावून बसायची, एकाच वेळी हसायची, आणि प्रत्येक मूल आपल्या घराला पटेल तेवढीच गोष्ट बघायचं. नको ते काढायचं आणि त्या जागी दुसरं काहीतरी भरायचं, हे काम यंत्र जागच्या जागी करायचं.

चष्मेवालीला हे भलतंच आवडलं. तिनं भिंगांबद्दल लीनाताईंना चार प्रश्न विचारले, आणि त्यांना एकाचंही उत्तर देता आलं नाही.

सापाला हो, भुताला नाही, असं करत करत गाडी एक्केचाळिसाव्या प्रश्नापर्यंत आली. 'अलीकडे घरात घडलेलं काही मुलासमोर येऊ नये असं वाटतं का?' निषाद थांबला आणि त्यानं बायकोकडे बघितलं.

"बाळं नकोत," ऋजुता म्हणाली. "बाळं, पाळणे, पोटुशा बायका, दवाखाना. प्राण्यांची पिल्लंसुद्धा नकोत."

लीनाताईंनी मान वर केली नाही. "भावंडं?"

"तीपण नकोत."

सात महिन्यांपूर्वी, आठवा सरता सरता, ऋजुताला मुलगा झाला होता आणि तो गेलेलाच जन्माला आला होता. त्याच्या महिनाभर आधी डोहाळजेवण झालं होतं. झाकलेल्या दोन वाट्यांमधली एक उचलायचा मान शाल्मलीला दिला होता. तिनं उचललेल्या वाटीखाली पेढा निघाला आणि 'भाऊ येणार, भाऊ येणार' म्हणून बायकांनी कल्ला केला. नंतर तिला सांगितलं, "बाळ आलंच नाही, डॉक्टर म्हणाले आत्ता नको." ती "बरं" म्हणाली आणि तिनं पुन्हा एकदाही विचारलं नाही. लहान मुलं विसरतात, असं सासूबाई म्हणाल्या, शेजारीण म्हणाली. ऋजुतालाही पटलं, कारण ते पटणं सोयीचं होतं. निषादनं दोनदा विषय काढून बघितला. दोन्ही वेळा ती "ते नको" म्हणाली, आणि तेव्हापासून घरात त्या मुलाचं कुणी काही बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला खेळ झाला. देवमाशांमधली एक मादी थंड समुद्रातून निघून गरम समुद्रात जाते, त्याची गोष्ट. मुलांच्या खेळाला आई-बापांना मुलाचंच चित्र दिसायचं, म्हणजे नंतर घरात बोलता येतं. मादी हजारो कोस पोहून गरम पाण्यात आली, तिथं तिला चांदण्यासारखा चमकणारा एक शिंपला सापडला, आणि तो घेऊन ती परत निघाली. वाटेत वादळ झालं, ते थांबलं. गाणी छान, रंग छान, उड्या मारणारे मासे तर फारच छान. सत्तर मुलांनी एकदम टाळ्या वाजवल्या. ऋजुतानं सुटकेचा श्वास टाकला.

नाश्त्याच्या टेबलाशी नांदेडचा एक मुलगा, कणाद त्याचं नाव, शाल्मलीला सांगत होता, "पिल्लू वादळात हरवलं ना, तवा म्या लई भ्यालो."

"मीपण," शाल्मली बोटावरचा जाम चाटत म्हणाली.

कणाद निघून जाईपर्यंत ऋजुतानं दम धरला. मग हळूच विचारलं, "शालू, तुला कुठं पिल्लू दिसलं?"

"नाही दिसलं."

"मग मीपण काय म्हणालीस?"

"होतं ते. फक्त आपल्याला दाखवलं नाही." शाल्मलीनं पुस्तक उघडून पान काढलं. "हे बघ, इथं लिहिलंय. त्या गरम पाण्यात पिल्लू व्हायलाच जातात. शिंपल्यासाठी कुणी एवढं लांब जातं का? आणि परत येताना ती सगळा वेळ एका बाजूला सरकून पोहत होती. पिल्लापुरती जागा ठेवून."

ऋजुता बघतच राहिली. तीच गोष्ट तिनं स्वतः शेजारी बसून बघितली होती, आणि तिला ती जागा दिसली नव्हती. यंत्रानं पिल्लू पुसलं होतं, पण आईचं पोहणं कसं पुसणार?

शाल्मलीनं तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पुस्तक पटकन मिटलं. "पण मला शिंपलाच आवडला, आई. मस्त होता."

त्या वेळी ऋजुतानं बोलायला हवं होतं. तिला ते कळतही होतं. ती म्हणाली, "दूध संपव."

तिसऱ्या दिवशी जहाजावर उलटा फॉर्म असायचा. त्या दिवशी मोठ्यांचा खेळ मुलांनी निवडायचा. लीनाताई एकेका मुलाला आत घेऊन बसायच्या आणि तुझ्या आई-बाबांना काय दाखवायचं नाही, ते विचारून घ्यायच्या. बाहेर आई-बापांची चेष्टामस्करी चालायची. कुणाच्या बाबांना क्रिकेट दाखवायचं नाही, हरले की जेवत नाहीत. कुणाच्या आईला पाल नको. एका पोरानं तर बाबांच्या साहेबांसारखा दिसणारा माणूस नको म्हणून सांगितलं होतं. बाकीची मुलं दहा मिनिटांत बाहेर आली. शाल्मलीला अर्धा तास लागला.

"काय काय काढलंस गं आमचं?" निषादनं विचारलं.

"ते सांगायचं नसतं," ती म्हणाली.

दुपारी चारला मोठ्यांचा खेळ लागला. होडीनं निघालेलं एक वऱ्हाड, नवरदेव चुकीच्या होडीत चढतो, आणि पुढचा सगळा गोंधळ. ऋजुता पहिला अर्धा तास पोट धरून हसली. सात महिन्यांत ती अशी हसली नव्हती. मग मंडपात मिठाईची ताटं आली. लाडू आले, बर्फी आली, जिलब्यांचा डोंगर आला. पेढा नव्हता. साताऱ्याच्या बाईच्या नजरेतून पेढा सुटत नाही. आणि त्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं की आपल्या घरात आलेल्या पेढ्यांना शाल्मलीनं कित्येक महिने हात लावलेला नाही.

तिनं आता तपासायच्या नजरेनं बघायला सुरुवात केली. दीडशे माणसांचं लग्न, आणि एकही तान्हं मूल नव्हतं. कुणाच्या कडेवर नाही, कुणाच्या मांडीवर नाही, ऐन मंगलाष्टकांत कुणी भोकाड पसरत नाही. असं लग्न महाराष्ट्रात अजून लागलेलं नाही. खांबाशी एक मावशी डावा हात कमरेशी वाकवून उभी होती आणि अंग हळूहळू डोलवत होती. त्या हातावर काहीच नव्हतं.

ऋजुतानं निषादला कोपरानं ढोसलं. "तुझ्याकडे पेढे आहेत?"

"आहेत की. का?"

"आणि तान्ही मुलं?"

"दोन आहेत. एक तर मघापासून कोकलतंय." पण त्याच्याही कपाळाला आठ्या होत्या. "माझ्याकडे निराळंच चाललंय काहीतरी. पाठवणी आहे, आणि नवरी हसतेय. तिची आई हसतेय. आत्या, काकू, सगळ्या हसतायत. एका बाईच्या डोळ्यात पाणी नाही."

चित्राचा झोत तळहाताएवढाच रुंद असतो, हे ऋजुतानं पहिल्याच दिवशी ताडलं होतं. तिनं आपलं डोकं त्याच्या डोक्याला टेकवलं. यंत्राची जरा पंचाईत झाली, चित्र थरथरलं, आणि मग तिला निषादचं लग्न दिसू लागलं. नवरी होडीत बसत होती आणि तिची आई दात काढून हसत होती. ते इतकं विचित्र होतं की अंगावर काटा आला.

"आईला बाळ दाखवायचं नाही," ऋजुता पुटपुटली, "आणि बाबाला रडणारी बाई दाखवायची नाही."

 निषादनं तिचा हात धरला. ऋजुता घरात कधी रडायची नाही. रडायची ती न्हाणीघरात, नळ सोडून, आणि ते कुणाला माहीत नाही अशी तिची समजूत होती. बाहेर निषाद भिंतीशी उभा राहायचा, हेही तिला ठाऊक नव्हतं. शाल्मलीला दोन्ही ठाऊक होतं. पोर विसरली नव्हती. आई-बाप सांभाळत बसली होती.

खेळ संपायची वाट न बघता दोघं लीनाताईंकडे गेले. ऋजुताचा आवाज चढलेला होता. "तिनं काय लिहून दिलंय ते मला बघायचंय."

"नाही दाखवता येणार, ताई."

"मी आई आहे तिची!"

"तुमचा फॉर्म मी तिला दाखवला नव्हता," लीनाताई शांतपणे म्हणाल्या. "विचारलं होतं तिनं. आईनं माझ्यासाठी काय काय काढलंय म्हणून. मी सांगितलं नाही. मग तिचा तुम्हाला कसा दाखवू?"

 यंत्रावर राग काढावा तर त्याचीही सोय नव्हती. दोन्ही वेळा त्यानं सांगितलं तेवढंच केलं होतं. लीनाताईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"परवा सकाळी मुलांचा नि मोठ्यांचा मिळून शेवटचा खेळ आहे," त्या म्हणाल्या. "तीच देवमाशाची गोष्ट, पुढचा भाग. दोन्ही फॉर्म कोरे करता येतात. तुमचा तुम्ही करा. तिचा करायला तिचा होकार लागतो, आणि तो मी नाही विचारणार. तुम्ही विचारायचा."

चौथा दिवस ऋजुतानं बेटावरच्या वाळूत घालवला. बोलायचं ठरवून ती तीनदा शाल्मलीजवळ जाऊन बसली आणि तीनदा वाळूचा किल्ला करून उठली. मुलगी ऐकणार नाही याची तिला भीती नव्हती. ती सगळं ऐकून घेईल आणि 'बरं' म्हणेल, याची होती. तसं झालं तर पोर जन्मभर असंच 'बरं' म्हणत राहील, हे आता तिला स्वच्छ दिसत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला दालनाबाहेरच्या बाकावर तिघं बसले. दाराशी लीनाताई हातात टॅब घेऊन उभ्या होत्या. मुलं एकेक करून आत जात होती.

"शालू," ऋजुता म्हणाली, "आज काहीच काढायचं नाही, असं करू या? माझं मी पुसलंय. तुझं तुला पुसायचंय."

शाल्मलीनं लीनाताईंकडे रागानं बघितलं. "ताईंनी सांगितलं ना?"

"नाही गं. त्यांनी चकार शब्द काढला नाही. लग्नात पेढे नव्हते, त्यावरून मला कळलं."

शाल्मली पाय हलवत बसली. मग म्हणाली, "तू रडशील."

"रडेन. मग थांबेन."

"थांबत नाहीस. नळ किती वेळ चालू असतो."

निषादनं मान फिरवली. ऋजुतानं मात्र या वेळी 'दूध संपव' म्हटलं नाही. तिनं मुलीचे दोन्ही हात हातात घेतले. "शालू, तुला भाऊ झाला होता. तो पोटातच गेला होता, म्हणून घरी आणता आला नाही. बाळ आलंच नाही असं सांगितलं, ते मी खोटं सांगितलं."

"माहितीय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कुणी आलंच नाही तर त्याची वाट बघतात," शाल्मली म्हणाली. "तुम्ही वाट बघत नव्हतात."

आतली घंटा वाजली. लीनाताई क्षणभर थांबल्या, तिघांकडे बघितलं, आणि दार आतून हलकेच लोटून घेतलं. आतून देवमाशाच्या गाण्यावरच्या टाळ्या ऐकू येऊ लागल्या, पण बाकावरून कुणी उठलं नाही.

"तो कसा होता?" शाल्मलीनं विचारलं.

ऋजुतानं तोंड उघडलं आणि तिला काही सांगता येईना. कारण तिनं त्याला बघितलंच नव्हतं. त्या दिवशी खाटेशेजारी उभ्या राहून सासूबाई म्हणाल्या होत्या, "तोंड बघू नकोस गं, माया जडते." त्यांच्या घराण्यात तसंच करत आले होते. त्यांचं स्वतःचं एक मूल असंच गेलं, तेव्हा त्यांनीही तसंच केलं होतं. दिवसाला चाळीस माणसांचे डोळे बघणारी बाई त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून पडून राहिली होती. कपड्यात गुंडाळलेलं मूल निषादच्या हातात दिलं गेलं होतं. नंतर दोनदा तो बोलायला आला होता, तो त्याच मुलाबद्दल. आणि दोन्ही वेळा तिनं त्याला गप्प केलं होतं. माया जडायची ती आठ महिने आधीच जडलेली होती. न बघून तिनं फक्त त्याचा चेहरा घालवला होता.

"मी नाही बघितलं त्याला," ती म्हणाली. "मला भीती वाटली. बाबानं बघितलंय." आणि नवऱ्याकडे वळून, सात महिन्यांत पहिल्यांदा, म्हणाली, "सांग ना रे."

निषाद शाल्मलीकडे वळला. कॉलेजात तास तास बोलणारा माणूस, पण त्याला सुरुवात कुठून करावी ते सुचेना. "केस होते त्याला," तो शेवटी म्हणाला. "काळेभोर, भरपूर. शालू, तू तर टकली होतीस."

शाल्मली खुदकन हसली आणि सरकून त्याला चिकटली. "अजून?"

"बोटं लांब होती. नाक जरासं बसकं, आजोबांसारखं. उजव्या गालावर दाबल्याची एक खूण होती. झोपून उठल्यावर असते ना, तशी."

"दात?"

"दात नसतात गं बाळांना."

ऋजुताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. शाल्मलीनं तिच्याकडे निरखून बघितलं, फ्रॉकचं टोक तिच्या हातात दिलं, आणि पुन्हा बाबाकडे तोंड केलं.

"आणि कान?" ऋजुतानं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "कान कुणासारखे होते?"

निषादनं हात पुढं केला आणि तिच्या कानाच्या पाळीला बोट लावलं.

"हेच," तो म्हणाला.